‘कुशल’ म्हणजे कुश खुडणारा? पत्रकावरची ओळ ठेवायची की काढायची

कंबरतलाव
सोलापुरात यंत्रमागाच्या एका प्रशिक्षण वर्गाचं पत्रक सध्या फिरतंय. वर ठळक अक्षरांत ओळ आहे: ‘हात न कापता कुश खुडतो तो कुशल.’ कुश म्हणजे पूजेत, यज्ञात वापरतात ते दर्भाचं गवत. दुसरी छपाई व्हायची आहे आणि ओळ ठेवावी की नाही यावर लोकांची मतं मागवली आहेत. माझं मत असं की ओळ काढावी. ती गोड आहे, पण तिच्यात सांगितलेला अर्थ शब्दाच्या जुन्या वापरात कुठेच दिसत नाही.

छांदोग्य उपनिषदात पहिल्या अध्यायाच्या आठव्या खंडाची सुरुवातच ‘त्रयो होद्गीथे कुशला बभूवुः’ अशी आहे. उद्गीथात तिघे कुशल होते. म्हणजे गायनातलं कौशल्य. तिथे गवत नाही, कापणं नाही, हात नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना सांगतो, ‘कुशलान्न प्रमदितव्यम्’. इथे कुशल म्हणजे हित, भलं. पदवीदान समारंभात हा उतारा अजून वाचतात, त्यामुळे बऱ्याच जणांच्या कानावरून गेला असेल. दोन्ही ठिकाणी शब्द आधीच पूर्ण रुळलेला आहे.

मग पाणिनी. त्याच्याकडे दोन सूत्रं आहेत. ‘आयुक्तकुशलाभ्यां चासेवायाम्’ (२.३.४०) हे कौशल्याच्या अर्थासाठी, आणि ‘चतुर्थी चाशिष्यायुष्यमद्रभद्रकुशलसुखार्थहितैः’ (२.३.७३) हे आशीर्वाद देताना, म्हणजे खुशालीच्या अर्थासाठी. दोन्ही अर्थ इतके जुने आणि इतके शेजारी शेजारी आहेत. कुश खुडण्यातून ‘तरबेज’ हा अर्थ ओढूनताणून निघेल, पण ‘तुझं कुशल असो’ यातलं कुशल गवतातून कसं काढणार?

ज्या शब्दांत खरंच कुश आहे ते शब्द ओळखू येतात. कुशाग्र म्हणजे कुशाचं टोक, कुशासन म्हणजे कुशाचं आसन. तिथे अर्थ आपोआप सापडतो, गोष्ट सांगावी लागत नाही.

दर्भशलाका
ओळ ठेवावी. कंबरतलाव यांनी गवत फारच हलकं धरलंय.

‘कुशान् लाति इति कुशलः’ ही फोड कुणा पत्रकवाल्याने रचलेली नाही. ‘ला’ हा धातू धातुपाठात ‘घेणे’ या अर्थी आहे. कुश घेतो तो कुशल. ११ व्या शतकातल्या मम्मटाच्या काव्यप्रकाश या ग्रंथात लक्षणा (मुख्य अर्थ सोडून शब्दाचा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं) समजावताना पहिलं उदाहरणच ‘कर्मणि कुशलः’ हे आहे. शतकानुशतकं संस्कृतचे विद्यार्थी या उदाहरणावरून लक्षणा शिकत आलेत.

आता गवताचं. कुशाच्या पात्याच्या दोन्ही कडांना बारीक दाते असतात आणि पात्यात सिलिका भरलेली असते. एका दिशेने बोट फिरवलं तर कड गुळगुळीत लागते, उलट फिरवलं तर करवत. घाईत मूठ मारून ओढलं की पाती मुठीतून सरकतात आणि बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात. रक्त उशिरा दिसतं, चुरचुर आधी होते. म्हणून एका वेळी थोडीच पाती घ्यायची, बुंध्याशी घट्ट धरायची, म्हणजे पातं हातात सरकणारच नाही, आणि मग उपटायचं किंवा विळ्याने कापायचं. शिवाय कोणतं पातं घ्यायचं हेही ठरलेलं आहे. टोक शाबूत हवं, किडलेलं नको, वाळून तुटणारं नको, कारण पवित्रक, म्हणजे धार्मिक विधीत बोटात घालायची दर्भाची अंगठी, वळताना तुटलं की सगळं परत. श्रावण अमावास्येला वर्षभराचे दर्भ काढून ठेवायची रीत आहे, तिला दर्भग्रहणी अमावास्या म्हणतात. ज्या कामाला वर्षातला एक दिवस नेमून दिलाय, त्या कामातल्या हुशारीवरून शब्द तयार होणं अजिबात अशक्य नाही.

आणि छांदोग्यातल्या त्या उद्गीथाबद्दल. सामगायनात स्तोत्रांची आवर्तनं मोजायला लाकडाच्या छोट्या काड्या मांडायचे, त्यांचं नाव ‘कुशा’. गायनात कुशल असणं आणि कुशा मांडता येणं यांचा संबंध असेलच असं मी म्हणत नाही. पण ‘तिथे कुशाचा मागमूस नाही’ असं ठोकून सांगायला जागा उरत नाही.

उभाधागा
शब्दशास्त्र जाणत्यांनी पाहावं. मला पत्रकातल्या ‘हात न कापता’ याबद्दल बोलायचंय, कारण ते मागावर शिकणाऱ्या मुलांच्या हातात जाणार आहे.

मागावर हात जपणं ही पहिल्या दिवसाची गोष्ट. चालू मागात हात घालायचा नाही, धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणाऱ्या नळ्याच्या, रेषेत उभं राहायचं नाही. हे न पाळणारा अकुशल नाही, तो धोक्यात आहे. कौशल्य त्याच्या पुढे सुरू होतं. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला इतकंच घ्या. माग थांबवायचा. तुटलेलं टोक मागच्या बाजूला शोधायचं, कारण ते शेजारच्या धाग्यांत गुरफटलेलं असतं. त्याला त्याच जाडीच्या सुताचा तुकडा बारीक गाठीने जोडायचा आणि गाठीची शेपटं कातरायची. मग तो तुकडा हेल्डच्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या तारेच्या) त्याच डोळ्यातून पुढे आणायचा, फणीच्या (आडवा धागा रेटणाऱ्या कंगव्याच्या) त्याच घरातून हुकाने ओढायचा आणि शेजारच्या धाग्यांइतकाच ताण ठेवून कापडाशी धरायचा. मग माग सुरू.

चुकतं कुठे? गाठ जाड झाली तर ती फणीत अडते आणि धागा परत तुटतो. डोळा चुकला तर वीण बिघडते. फणीचं घर चुकलं तर एका घरात एक धागा जास्त, शेजारचं मोकळं, आणि कापडात वरपासून खालपर्यंत उभी रेघ. ताण सैल राहिला तर धाग्याच्या गुंडाळ्या होऊन तो धोट्याच्या वाटेत येतो आणि सोबतचे दहा तोडतो.

टॉवेलला तर याहून नाजूक. तिथे बीम (उभे धागे गुंडाळलेले रूळ) दोन, एक पायाच्या धाग्यांचा, एक लूपच्या धाग्यांचा. पायाचा ताठ, लूपचा हलका. दोन आडवे धागे कापडापासून थोडे लांब ठेवायचे, तिसऱ्याला फणी तिघांनाही पुढे रेटते आणि लूपचा धागा वर उचलला जाऊन कडी होते. सांधताना लूपचा धागा पायाच्या धाग्याइतका ताणला की तिथली कडी उठतच नाही, टॉवेलला टक्कल पडतं. हाताला कळावं लागतं की हा धागा कोणत्या बीमचा.

म्हणजे सगळं काम ‘कोणता धागा, कोणतं घर, किती ताण’ हे ओळखण्याचं. हात न कापण्याचं नाही. पत्रकातली ओळ मुलांना चुकीची गोष्ट शिकवते.

निमित्त
उभाधागा यांनी नकळत मम्मटाच्या मनातलंच सांगितलं. दर्भशलाका यांनी मम्मटाचा आधार घेतला, पण मम्मट ‘हात न कापता’ असं म्हणतच नाही.

लक्षणेला तीन गोष्टी लागतात. शब्दाचा मुख्य अर्थ तिथे बसत नाही. जो अर्थ घ्यायचा त्याचा मुख्य अर्थाशी काही संबंध असतो. आणि तसं म्हणायला रूढी किंवा प्रयोजन असतं. ‘कर्मणि कुशलः’ मध्ये दर्भ घेण्याचा काही संबंध नाही, म्हणून मुख्य अर्थ बाद. मग संबंध कोणता? मम्मट शब्द वापरतो ‘विवेचकत्व’. म्हणजे निवड, पारख. हे पातं घ्यायचं, ते नाही. कापलेल्या बोटांची गोष्ट नंतर लोकांनी रंगवली आहे. तेव्हा पत्रकातली ओळ परंपरेच्या मापानेही चुकीची ठरते.

आणि परंपरेत याला उघड विरोध झालेला आहे. १४ व्या शतकात कलिंगातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात हे उदाहरण घेऊन नाकारलं. त्याचं म्हणणं असं: शब्द कसा घडला याचं कारण एक, आणि तो कशासाठी वापरला जातो याचं कारण दुसरं. ‘अन्यद्धि शब्दानां व्युत्पत्तिनिमित्तम्, अन्यच्च प्रवृत्तिनिमित्तम्.’ कुशलचा मुख्य अर्थच ‘दक्ष’ आहे, लक्षणेची गरजच नाही. मग तो बिनतोड दाखला देतो. ‘गो’ हा शब्द ‘गम्’ म्हणजे जाणे या धातूपासून साधतात. फोडीतून निघालेला अर्थच मुख्य धरायचा तर ‘गौः शेते’, गाय झोपली आहे, इथेही लक्षणा मानावी लागेल, कारण झोपलेली गाय चालत नसते!

म्हणजे सहा-सातशे वर्षांपूर्वीच हा वाद झालाय, आणि माझ्या मते विश्वनाथ बरोबर आहे. सोलापूरच्या पत्रकावर मम्मटाची बाजू छापायची असेल तर निदान ती नीट तरी छापावी.

दर्भशलाका
निमित्त, ‘विवेचकत्व’ मान्य. तिथे माझी चूक झाली, बोटांची गोष्ट मी लोकांत ऐकलेली तशीच मांडली.

पण विश्वनाथ काय म्हणतो ते बारकाईने पाहा. तो फोड नाकारत नाही. घडण्याचं कारण आणि वापराचं कारण वेगळं आहे एवढंच म्हणतो. म्हणजे कुशलच्या घडणीत कुश आहे हे त्यालाही चालतं. गायीच्या शब्दात ‘जाणं’ आहे आणि गाय झोपते. तसंच कुशलमध्ये कुश आहे आणि विणकर कुश खुडत नाही. माझं म्हणणंही तेवढंच होतं.

कंबरतलाव
फोड न नाकारणं म्हणजे फोड सिद्ध होणं नव्हे. विश्वनाथाला वाद जिंकायला फोड खोडावी लागली नाही, म्हणून खोडली नाही. आजच्या भाषाशास्त्रात ‘कुशल’च्या मुळाबद्दल एकमत नाही. पत्रकावर मात्र ते ठाम विधान म्हणून छापलंय.

पूर्वभाग
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये, ती मी बोलतो. पात्रतेचा शब्द यज्ञाच्या गवतातूनच काढायचा हट्ट कशाला? सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या, घराघरांत माग चालले, चादरी झाल्या, टॉवेल झाले, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हातांचं कौशल्य सांगायला दर्भाची मुद्रा लागते का?

आणि संबंध हवाच असेल तर व्याकरणातच आहे. कंबरतलाव यांनी दिलेल्या २.३.४० या सूत्रावर काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेने, दिलेलं उदाहरण पाहा: ‘कुशलः कटकरणे, कुशलः कटकरणस्य’. कट म्हणजे चटई. चटई विणण्यात कुशल! ‘निष्णात’साठीही पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे, ‘निनदीभ्यां स्नातेः कौशले’ (८.३.८९). ‘नि’ला लागून ‘स्नात’ आलं आणि अर्थ कौशल्याचा असेल तरच ‘स’चा ‘ष’ होतो. तिथेही काशिकेची उदाहरणं ‘निष्णातः कटकरणे’ आणि ‘निष्णातो रज्जुवर्तने’. चटई विणणारा आणि दोर वळणारा. व्याकरणकारांना कौशल्य म्हटल्यावर जे हात आठवले ते विणणाऱ्याचे, वळणाऱ्याचे. हे सोलापूरच्या पत्रकावर नको तर कुठे हवं?

२.३.४० मधला ‘आसेवा’ हा शब्दही सोडू नका. आसेवा म्हणजे एखाद्या कामात सतत गुंतून राहणं. ती असेल तेव्हाच कुशलला षष्ठी आणि सप्तमी दोन्ही चालतात. मराठीत आपण सप्तमीच ठेवली, ‘विणण्यात कुशल’. पण अट मनात ठेवण्यासारखी आहे: रोजचं काम, सराव.

दुसरी बाजू पण सांगतो. मनुस्मृतीत (२.१२७) भेटल्यावर ब्राह्मणाला ‘कुशल’ विचारावं, क्षत्रियाला ‘अनामय’, वैश्याला ‘क्षेम’ आणि शूद्राला ‘आरोग्य’ असं सांगितलंय. साधी विचारपूससुद्धा वर्णावर वाटून दिली होती. अशा शब्दाला परत दर्भाशी बांधताना दोनदा विचार करावा.

सम्यक
पूर्वभाग यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. ‘कुशल’चा एक मोठा इतिहास पालीत आहे आणि तो या चर्चेत येत नाहीये.

पालीत ‘कुसल’ म्हणजे मुख्यतः चांगलं, निर्मळ, ज्याने कुणाचं वाईट होत नाही असं. धम्मपदातली १८३ वी गाथा महाराष्ट्रात लाखो लोकांना पाठ आहे: ‘सब्बपापस्स अकरणं, कुसलस्स उपसंपदा’. पाप न करणं, कुशलाचा संचय करणं. अकुसल म्हणजे अडाणी नव्हे, अकुसल म्हणजे लोभ, द्वेष, मोह यांतून आलेलं. गीतेतही १८ व्या अध्यायात ‘न द्वेष्ट्यकुशलं कर्म’ म्हटलंय, तिथे अकुशल म्हणजे ‘जमत नाही ते’ असा अर्थ लावून बघा, बसत नाही.

गंमत म्हणजे, पाली अट्ठकथेतही, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या टीकेतही, कुश येतो. ५ व्या शतकातल्या बुद्धघोषाच्या अट्ठसालिनीत कुसलच्या अनेक फोडी दिल्या आहेत, त्यांतली एक अशी की कुश गवत जसं दोन्ही कडांनी हात कापतं तसं कुसल क्लेशांना कापतं. पाहा, इथे कापणं हीच चांगली गोष्ट झाली! मम्मटाकडे गवताची पारख, लोकांच्या गोष्टीत न कापलेलं बोट, बुद्धघोषाकडे कापणारं पातं. एकाच गवतातून तीन वेगळे अर्थ निघतात तेव्हा अर्थ आधी ठरलेला असतो, आणि गवत त्याला नंतर बांधलेलं असतं.

मराठीचा कानही हेच सांगतो. ‘सराईत चोर’ म्हणतो, ‘अट्टल चोर’ म्हणतो, ‘थापा मारण्यात पटाईत’ म्हणतो. ‘कुशल चोर’ म्हणून बघा. जीभ अडखळते. कुशलमध्ये भलेपणाचा अंश अजून शिल्लक आहे.

निमित्त
तीन फोडींचा मुद्दा पक्का आहे. ‘कुशल चोर’बद्दल थोडं थांबा. ‘कुशल राजकारणी’, ‘कुशल सेनापती’ सहज म्हणतो, आणि तिथे भलेपणाची हमी कुणी देत नाही. अडखळायला होतं ते शब्दाच्या पातळीमुळेही असेल. कुशल हा औपचारिक शब्द, चोराला औपचारिक विशेषण लागत नाही.

सम्यक
‘निष्णात’ही औपचारिकच आहे. ‘निष्णात चोर’ आणि ‘कुशल चोर’ शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. पहिला चालून जातो.

तिभाषी
सोलापूरची चर्चा आहे म्हणून शेजारच्या भाषा. तेलुगूत भेटल्यावर ‘कुशलमा?’ विचारतात, कन्नडमध्ये ‘कुशलवे?’. दोन्हीकडे विचारपुशीचा अर्थ जिवंत. मराठीत तो पत्रांत होता. जुन्या पत्रांचा ठरलेला मायना आठवा: ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करणे’. आता ‘क्षेमकुशल’ या जोडशब्दात उरलाय. हुन्नरासाठी मात्र तेलुगूत घरचा शब्द आहे, नेर्पु, आणि तो ज्याच्याकडे तो नेर्परी. नेर्चु म्हणजे शिकणे. म्हणजे कौशल्य म्हणजे शिकलेली गोष्ट. अमरकोशात कुशलच्या ओळीत ‘शिक्षित’ आहेच: प्रवीण, निपुण, अभिज्ञ, विज्ञ, निष्णात, शिक्षित, वैज्ञानिक, कृतमुख, कृती, कुशल. नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या भागात, तोच अमर पुन्हा सांगतो, ‘पर्याप्तिक्षेमपुण्येषु कुशलं शिक्षिते त्रिषु’. पुरेपणा, क्षेम, पुण्य आणि शिकलेला. गवत नाही.

एक गल्लत टाळा. ‘खुशाल’ आणि ‘कुशल’ एक नाहीत. खुशाल हा फारसी, खुश अधिक हाल. ‘खुशाली कळवा’ आणि ‘कुशल कळवा’ एकाच जागी येतात म्हणून लोकांना ते एकाच शब्दाचे दोन उच्चार वाटतात. तसंच कौशल्य हे कुशलवरून, पण कौसल्या हे नाव कोसल देशावरून. ‘कौशल्या’ लिहितात तेव्हा दोन्ही मिसळतात.

मराठीतल्या बाकीच्या विशेषणांची मुळं मात्र पुष्कळदा स्वच्छ दिसतात, आणि तीच पत्रकाला जास्त कामाची. पटाईत म्हणजे पटा चालवणारा, जसा ढाल बाळगणारा ढालाईत. वाकबगार म्हणजे वाकिफ, माहीतगार. हरहुन्नरी म्हणजे प्रत्येक हुन्नर असलेला. कसबी हे अरबी कस्बवरून, मूळ अर्थ कमाई. हाताच्या कमाईवरून हाताचं कसब. पारंगत म्हणजे पैलतीरी गेलेला.

आणि एक जोडी तर फार सुंदर आहे. हुशार हा फारसी होशियार. मूळ अर्थ जागा, सावध. मराठीत तो झाला बुद्धिमान. दक्ष हा संस्कृत, मूळ अर्थ समर्थ, कामात तयार. उजव्या हाताचा ‘दक्षिण’ आणि लॅटिनमधला ‘डेक्स्टर’ त्याच्याच कुळातले. मराठीत तो झाला सावध; कवायतीत ‘दक्ष!’ म्हटलं की ताठ उभं राहायचं. सावध होता तो हुशार झाला आणि हुशार होता तो सावध झाला. दोघांनी घरं बदलली. मुळावरून आजचा अर्थ सांगायला गेलं की काय होतं ते इथे पाहा. हुशार मुलाला ‘जागा असलेला’ आणि दक्ष पहारेकऱ्याला ‘कारागीर’ म्हणावं लागेल.

उभाधागा
मागाच्या शेडमध्ये यांतलं एकही विशेषण फारसं ऐकू येत नाही. ‘हात बसलाय’, ‘कसलेला आहे’, ‘मुरलेला जॉबर’ (माग दुरुस्त करून लावून देणारा) असं बोलतात. कुशल हा शब्द भेटतो तो पगाराच्या तक्त्यात.

पूर्वभाग
त्या तक्त्याचं बोलूच. किमान वेतन कायदा १९४८ चा होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्याखालच्या अधिसूचनांत कामगारांचे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग पाडायचे आणि दर त्यावर ठरायचे. व्याख्या साधारण अशी असायची: कुशल म्हणजे जो आपल्या धंद्याच्या पूर्ण जाणकारीने, स्वतःच्या निर्णयाने आणि जबाबदारीने काम करू शकतो. अर्धकुशल म्हणजे ठरावीक चाकोरीतलं काम, जिथे निर्णय मोठे नसतात. अकुशल म्हणजे साधं काम, ज्याला निर्णय किंवा आधीचा अनुभव फारसा लागत नाही.

म्हणजे कसोटी ‘स्वतः निर्णय घेतो का’ ही आहे. निमित्त यांनी सांगितलेलं विवेचकत्वच! आणि नेमक्या इथेच अन्याय होतो. कांडी (धोट्यात बसवायची सुताची नळी) भरणाऱ्या बाईच्या कामाला साधं काम म्हणून खालच्या वर्गात टाकणं सोपं असतं. पण कांडी सैल भरली की धोट्यातून सूत ढासळतं, फार घट्ट किंवा फार फुगीर भरली की धोट्याच्या आतल्या बाजूला घासून तुटतं. सुताचा नंबर, म्हणजे जाडी, बदलला की भरण बदलतं. हे निर्णय नाहीत का? ‘अकुशल’ हा शब्द ज्याच्या नावापुढे लागतो त्याच्या महिन्याच्या कमाईत तो मोजला जातो. म्हणून या शब्दाचा अर्थ नेमका सांगायला हवा, गोष्टीवर सोडायला नको.

दर्भशलाका
कांडीचं पटलं. पण ११ व्या शतकातलं विवेचकत्व आणि सरकारी व्याख्येतला निर्णय यांना एकाच धाग्यात ओवू नका. व्याख्या करणाऱ्यांनी मम्मट वाचून व्याख्या केलेली नाही. सारखेपणा सुंदर आहे, पण त्याला पुरावा म्हणाल तर मी गवताबद्दल जे केलं तेच तुम्ही कराल.

पूर्वभाग
बरोबर. पुरावा म्हणून नाही, जोड म्हणून मांडलं. मागे घेतो.

निमित्त
कोशात अशा शब्दाची नोंद कशी करतात ते इथे उपयोगी पडेल. व्युत्पत्ती (शब्दाचं पुराव्याने ठरलेलं मूळ) आणि निरुक्ती (परंपरेने केलेली अर्थाची फोड) वेगळ्या ठेवायच्या. आधी सर्वांत जुना वापर शोधायचा आणि तिथला अर्थ लिहायचा. मग ध्वनी आणि प्रत्यय जुळतात का पाहायचं. मग त्याच घडणीचे दुसरे शब्द आहेत का ते तपासायचं: ‘अमुक घेणारा’ या अर्थी ‘ला’ लावून केलेले रोजच्या वापरातले शब्द किती सापडतात? वत्सल, मांसल, शीतल यांतला ‘ल’ मत्वर्थी आहे, ‘असलेला’ या अर्थाचा, ‘घेणारा’ या अर्थाचा नाही. त्या न्यायाने कुशल म्हणजे फार तर ‘कुश असलेला’ होईल, खुडणारा नव्हे. इथे गवताची फोड सर्वांत कच्ची पडते. आणि शेवटी, पारंपरिक फोड असेल तर ‘परंपरेत अशी फोड करतात’ असं म्हणून तिला वेगळी जागा द्यायची. ती खोडायची नाही, पण व्युत्पत्तीच्या जागी बसवायचीही नाही.

कंबरतलाव
वत्सल, मांसलचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तो सर्वांत जड आहे.

पत्रकासाठी मी ही ओळ सुचवतो: ‘कुशल: जो कामात रोज गुंतलेला आहे आणि म्हणून ज्याला काम कळतं. पाणिनीच्या सूत्रावरचं जुनं उदाहरण आहे, कुशलः कटकरणे, चटई विणण्यात कुशल.’ यात आसेवा आली, विणकाम आलं, आणि एकही गोष्ट अशी नाही जी दाखवता येणार नाही.

उभाधागा
‘काम कळतं’ हे मुलांना मोघम वाटेल. ‘कोणता धागा, कोणतं घर, किती ताण हे ज्याला कळतं’ असं लिहा. मागावर उभं राहिलेल्याला लगेच समजेल.

सम्यक
चालेल. फक्त त्याच पत्रकात खाली ‘अकुशल उमेदवारांनाही प्रवेश’ असं छापलंय. तिथे ‘नव्याने शिकणाऱ्यांना प्रवेश’ करा. शिकायला आलेल्याला पहिल्याच दिवशी अकुशल म्हणू नये.

दर्भशलाका
सूचना दोन्ही मान्य. माझा आग्रह एवढाच: मागच्या पानावर, लहान अक्षरांत का होईना, ‘परंपरेत या शब्दाची फोड कुश निवडून घेणारा अशीही करतात’ ही ओळ राहू द्या. ‘हात न कापता’ काढा, ‘निवडून’ घाला.

कंबरतलाव
‘अशीही करतात’ असं लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. मागच्या पानावर.